रंग, वास आणि साका : क्रियात्मक गट ओळखताना

इथेनॉल आणि डायमिथिल इथर या दोघांच्या रेणूत दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन. अणू तेच, संख्याही तीच. तरी इथेनॉल हा ७८ अंश सेल्सिअसला उकळणारा द्रव आहे, तर डायमिथिल इथर उणे २४ अंशांनाच उकळतो, म्हणजे खोलीत तो वायूच असतो. इथेनॉलमध्ये सोडिअमचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. इथरला सोडिअमचं काहीच वाटत नाही. फरक फक्त जोडणीचा आहे. एकात ऑक्सिजनला एका बाजूने हायड्रोजन चिकटलेला आहे, दुसऱ्यात तो दोन कार्बनांच्या मध्ये बसला आहे. रेणूचा स्वभाव ठरवणाऱ्या या लहानशा जुळणीला क्रियात्मक गट म्हणतात.

अनोळखी पदार्थात कोणता गट आहे हे शोधायच्या चाचण्या आपल्याकडे बारावीच्या प्रात्यक्षिकात सुरू होतात आणि बी.एस्सी.ला दोन पदार्थांचं मिश्रण वेगळं करण्यापर्यंत जातात. जर्नलमध्ये तीन रकाने असतात: चाचणी, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणाकडून अनुमानाकडे जाताना मधे काय घडलं, याला मात्र रकाना नसतो, आणि सगळं शिकणं तिथेच असतं. कोणतीही चाचणी गट ‘पाहत’ नाही. ती रेणूचं एखादं वागणं तपासते: तो इलेक्ट्रॉन देतो का, प्रोटॉन सोडतो का, पाण्याचा रेणू टाकून दुसऱ्याशी जोडला जातो का. तसंच वागणारा दुसरा गटही असू शकतो. त्यामुळे चाचणी कशी करायची याइतकंच ती कुठे फसवते हे ठाऊक असावं लागतं.

आधी विद्राव्यता

घाईने अभिकर्मकांच्या बाटल्या उघडण्याआधी चार टेस्ट ट्यूबमध्ये चिमूट चिमूट पदार्थ घ्यावा आणि तो कशात विरघळतो ते पाहावं. पाण्यात न विरघळणारा पदार्थ सोडिअम बायकार्बोनेटच्या द्रावणात फसफसून विरघळला, तर कार्बॉक्झिलिक आम्लाची शक्यता मोठी. बायकार्बोनेटला दाद दिली नाही पण सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळला, तर फिनॉल. विरल हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळला, तर अमाईन. यातल्या कशातच नाही, पण थंड संहत सल्फ्युरिक आम्लात विरघळला, तर ऑक्सिजन असलेलं उदासीन संयुग किंवा दुहेरी बंध. तिथेही तसाच राहिला, तर बहुधा साधा हायड्रोकार्बन किंवा त्याचं हॅलोजन संयुग.

बेंझोइक आम्ल सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये नाहीसं होतं. त्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब सोडत गेलं की पांढरेशुभ्र कण पुन्हा वर येतात. मिश्रणातले दोन पदार्थ वेगळे करायची रीत याच युक्तीवर उभी आहे. विद्राव्यता हा मला या साऱ्या कामातला सर्वांत कमी लेखला गेलेला टप्पा वाटतो. निम्मं काम इथेच उरकतं.

ज्योतही काही सांगते. बेंझीनचं वलय असलेले पदार्थ काजळी धरत जळतात, कारण त्यांत हायड्रोजनच्या मानाने कार्बन जास्त असतो. वास घ्यायचा तो ट्यूबच्या तोंडावरून हाताने हवा आपल्याकडे ओढून. नाक ट्यूबवर न्यायचं नाही.

लासेनची चाचणी

कार्बनशी सहसंयुजी बंधाने जोडलेला नायट्रोजन, गंधक किंवा क्लोरीन पाण्यात आयन म्हणून सुटत नाही. त्यामुळे क्लोरोबेंझीनवर सिल्व्हर नायट्रेट टाकलं तरी काही दिसत नाही. आधी रेणू मोडावा लागतो. फ्रेंच रसायनतज्ज्ञ लासेन याने १८४३ साली ही मोडतोड सोडिअमवर सोपवली.

छोट्या काचेच्या नळीत वाटाण्याएवढा सोडिअमचा तुकडा, गाळण कागदावर रॉकेल टिपून घेतलेला. तो वितळून चकचकीत गोळी झाली की त्यावर पदार्थ टाकायचा आणि नळीचं बूड लालबुंद होईपर्यंत तापवायचं. मग ती तशीच चिनीमातीच्या बशीतल्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवायची. नळी तडकते, उरलासुरला सोडिअम पाण्याशी भडकतो, म्हणून बशीवर जाळी धरतात आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. उकळून गाळलेलं पाणी म्हणजे सोडिअम अर्क. तो स्वच्छ आणि रंगहीन आला तरच पुढे जायचं. तपकिरी आला तर पदार्थ पुरता मोडलेला नाही, पुन्हा करा.

नायट्रोजन आता सायनाइड झालेला असतो. फेरस सल्फेट घालून उकळलं आणि विरल सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी केलं की प्रशियन निळा उमटतो. गंधक सल्फाइड होतं आणि सोडिअम नायट्रोप्रुसाइडने जांभळं दिसतं. दोन्ही एकत्र असले आणि सोडिअम कमी पडला, तर थायोसायनेट बनतं. मग निळ्याऐवजी रक्तासारखा लाल रंग येतो आणि बेसावध विद्यार्थी ‘नायट्रोजन नाही’ असं लिहून मोकळा होतो.

हॅलोजनची चाचणी सिल्व्हर नायट्रेटने: पांढरा साका क्लोरीनचा, फिकट पिवळा ब्रोमीनचा, गडद पिवळा आयोडीनचा. क्लोराइडचा साका अमोनियात सहज विरघळतो, ब्रोमाइडचा मुश्किलीने, आयोडाइडचा नाहीच. त्याआधी अर्क नायट्रिक आम्लाबरोबर उकळतात, आणि ते धूरपेटीतच करायचं. न उकळता पुढे गेलं तर अर्कातलं सायनाइडच सिल्व्हरबरोबर पांढरा साका देतं आणि नसलेला क्लोरीन ‘सापडतो’.

आणखी एक मर्यादा. सायनाइड व्हायला कार्बन लागतो. हायड्राझिनमध्ये भरपूर नायट्रोजन आहे, कार्बन मात्र नाही. म्हणून ही चाचणी त्याच्या बाबतीत गप्प बसते. डायझो संयुगं तर तापवताना सोडिअमशी गाठ पडण्याआधीच नायट्रोजन वायू सोडून देतात.

दुहेरी बंध

ब्रोमीनचं नारिंगी-तांबूस द्रावण रंगहीन होणं आणि पोटॅशिअम परमँगनेटचा गुलाबी-जांभळा रंग जाऊन तपकिरी मँगनीज डायऑक्साइड खाली बसणं, या दोन खुणा. दुसरी बायरच्या नावाने ओळखली जाते. १९०५ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्यांना मिळालं तेच हे अडॉल्फ फॉन बायर. फिनॉलही ब्रोमीनचा रंग घालवतं, पण सोबत ट्रायब्रोमोफिनॉलचा पांढरा साका देतं. परमँगनेटचा रंग अल्डिहाइडही घालवतात. म्हणून या दोन्ही चाचण्या जोडीने करायच्या, एकीवर विसंबायचं नाही.

अल्कोहोल आणि फिनॉल

अल्कोहोल आहे एवढं कळून भागत नाही. ते प्राथमिक, द्वितीयक की तृतीयक, हे कळायला हवं. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले हॉवर्ड ल्यूकस यांनी १९३० मध्ये दिलेली चाचणी हे घड्याळाने मोजते. निर्जल झिंक क्लोराइड संहत हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून केलेल्या अभिकर्मकात अल्कोहोल विरघळतं. अभिक्रिया झाली की हायड्रॉक्सिलच्या जागी क्लोरीन येतो आणि झालेलं क्लोराइड त्यात विरघळत नसल्याने द्रावण गढूळ होतं. तृतीयक अल्कोहोल लगेच गढुळतं, द्वितीयक पाच-दहा मिनिटांत, प्राथमिक खोलीच्या तापमानाला तसंच स्वच्छ राहतं.

वेळेतला हा फरक मधल्या टप्प्यावर बनणाऱ्या कार्बनच्या धन आयनामुळे पडतो. भोवती तीन कार्बन असले की तो धन प्रभार वाटला जातो आणि आयन तग धरतो. हे लक्षात ठेवलं की अपवादही पाठ करावा लागत नाही: बेंझिल अल्कोहोल प्राथमिक असूनही लगेच गढूळ होतं, कारण तिथे बेंझीनचं वलय प्रभार सांभाळतं. सहाहून अधिक कार्बनांची अल्कोहोलं बहुतेक मुळातच अभिकर्मकात विरघळत नाहीत. तिथे पहिल्या क्षणाचा गढूळपणा पाहून ‘तृतीयक’ लिहिलं तर ते साफ चुकीचं.

फिनॉलसाठी उदासीन फेरिक क्लोराइड. लोहाभोवती फिनॉलचे रेणू गोळा होऊन जांभळा, निळा किंवा हिरवा रंग येतो. द्रावण उदासीनच हवं, कारण आम्लात हे संकुल मोडतं. ही चाचणी अॅस्पिरिनवर करून पाहण्यासारखी आहे. अॅस्पिरिनमध्ये सॅलिसिलिक आम्लाचं फिनॉलचं टोक अॅसिटिल गटाने झाकलेलं असतं. म्हणून ताज्या गोळीची पूड पाण्यात ढवळून त्यात फेरिक क्लोराइडचा थेंब सोडला तर फारसा रंग येत नाही. पण तीच गोळी कोकणातल्या पावसाळी दमट हवेत उघडी पडून राहिली, तर ओलाव्याने तिचे दोन तुकडे होतात: अॅसिटिक आम्ल आणि सॅलिसिलिक आम्ल. बाटलीला व्हिनेगरसारखा वास येतो आणि थेंब टाकताच जांभळा रंग उमटतो. औषधकोशांनीही अॅस्पिरिनमधलं सुटं सॅलिसिलिक आम्ल मोजायला लोहाच्या याच रंगाचा वापर केला आहे.

अल्डिहाइड आणि कीटोन

कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यातला दुहेरी बंध, म्हणजे कार्बोनिल गट, दोघांतही असतो. तो आहे की नाही हे डीएनपी सांगतं. पूर्ण नाव २,४-डायनायट्रोफिनाइलहायड्राझिन. ते कार्बोनिलशी जोडलं जातं, पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो आणि पिवळा ते शेंदरी साका बसतो. कार्बॉक्झिलिक आम्लात आणि एस्टरमध्येही कार्बोनिल असतो, तरी ते साका देत नाहीत. शेजारचा ऑक्सिजन आपले इलेक्ट्रॉन त्या कार्बनला पुरवतो, मग त्या कार्बनला बाहेरून आलेल्या हायड्राझिनची ओढ उरत नाही. ‘कार्बोनिल असेल तर डीएनपी देतो’ हे वाक्य म्हणून अर्धंच खरं आहे.

आता दोघांत भेद करायचा. अल्डिहाइडच्या कार्बोनिलला एक हायड्रोजन चिकटलेला असतो, त्यामुळे त्याचं ऑक्सिडीकरण सहज होतं. लीबिग यांनी १८३५ मध्येच पाहिलं होतं की अल्डिहाइड चांदीच्या क्षारातून काचेवर आरसा उमटवतात. पुढे गटिंगेनच्या बर्नहार्ड टॉलेन्स यांनी त्यासाठी जो अमोनियायुक्त अभिकर्मक वापरात आणला, तो आज त्यांच्या नावाने चालतो.

हा आरसा नीट यायला हात लागतो. सिल्व्हर नायट्रेटमध्ये सोडिअम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की तपकिरी सिल्व्हर ऑक्साइड बसतं. त्यावर विरल अमोनिया थेंबाथेंबाने, ट्यूब हलवत, तो तपकिरी रंग जेमतेम जाईपर्यंतच घालायचा. जास्त झाला तर चाचणी मंदावते. मग पदार्थाचे दोन-तीन थेंब टाकून ट्यूब साधारण ६० अंशांच्या पाण्यात ठेवायची, आणि हलवायची नाही. ट्यूब आतून आधीच स्वच्छ धुतलेली असेल तर काचेवर करडी छटा येते, ती गडद होते आणि एकाएकी चेहरा दिसेल असा आरसा तयार होतो. काच तेलकट असेल तर चांदी काळ्या भुकटीच्या रूपात खाली बसते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं ‘हो’च आहेत. हा अभिकर्मक उरवून ठेवू नये. साठवला तर त्यात सिल्व्हर नायट्राइड तयार होतं आणि ते धक्क्यानेही फुटू शकतं. काम संपलं की विरल नायट्रिक आम्ल घालून लगेच निकाली काढायचा.

फेहलिंगच्या द्रावणात चांदीची जागा तांब्याने घेतलेली असते. ‘अ’ म्हणजे कॉपर सल्फेट, ‘ब’ म्हणजे रोशेल सॉल्ट आणि सोडिअम हायड्रॉक्साइड. दोन्ही आयत्या वेळी मिसळायची. अल्डिहाइडसोबत तापवलं की निळा रंग जाऊन विटकरी लाल क्युप्रस ऑक्साइड बसतं. बेंझाल्डिहाइड मात्र टॉलेन्सला आरसा देतं आणि फेहलिंगला दाद देत नाही. दोन चाचण्यांचे निकाल असे उलटसुलट आले की गोंधळायचं कारण नाही. तेवढ्यानेच अल्डिहाइड गट थेट बेंझीनच्या वलयावर असल्याची शंका घेता येते.

उलटी फसवणूक फ्रुक्टोजची. ते कीटोन असूनही आरसाही देतं आणि लाल साकाही, कारण दोन्ही अभिकर्मक अल्कधर्मी आहेत आणि अल्कधर्मी द्रावणात फ्रुक्टोजचं रूपांतर ग्लुकोज आणि मॅनोज या अल्डिहाइडधारी शर्करांत होतं. आपण ज्या परिस्थितीत प्रश्न विचारतो ती परिस्थितीच पदार्थ बदलून टाकते, याचं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

फेहलिंगचं सौम्य भावंड म्हणजे बेनेडिक्टचं द्रावण, ज्यात हायड्रॉक्साइडऐवजी सोडिअम कार्बोनेट आणि रोशेल सॉल्टऐवजी सायट्रेट असतं. ग्लुकोमीटर घरोघरी येण्याआधी मधुमेहाच्या रुग्णांची लघवी यातच उकळून पाहिली जाई: निळी म्हणजे साखर नाही, मग हिरवी, पिवळी, नारिंगी, विटकरी अशी वाढती पायरी. ‘क’ जीवनसत्त्वाच्या भरपूर गोळ्या घेणाऱ्याची लघवीही रंग बदलू शकते, कारण तेही तांब्याला इलेक्ट्रॉन देतं. पुढे आलेल्या पट्ट्यांत ग्लुकोजपुरतंच काम करणारं एन्झाइम आलं ते यासाठीच.

इथेनॉल, मेथनॉल आणि एक जीवघेणा प्रश्न

आयोडीन आणि सोडिअम हायड्रॉक्साइड यांच्याबरोबर पिवळा, जुन्या दवाखान्यांचा वास येणारा आयोडोफॉर्म बनणं म्हणजे कार्बोनिलशेजारी मिथिल गट असल्याची खूण. अॅसिटोन ती देतं. इथेनॉलही देतं, कारण अभिकर्मक आधी त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतो. मेथनॉल देत नाही, कारण त्यात एकच कार्बन आहे.

पाठ्यपुस्तकात ही इथेनॉल-मेथनॉल ओळखण्याची चाचणी म्हणून येते. दोन वेगवेगळ्या शुद्ध बाटल्या असतील तर ते ठीक. पण जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं दगावली, तशा दारूतला प्रश्न निराळा असतो. तिथे इथेनॉलमध्ये मेथनॉल मिसळलेलं असू शकतं, आणि अशा मिश्रणाने आयोडोफॉर्म दिला तरी त्यातून मेथनॉल नाही असं मुळीच सिद्ध होत नाही. इथे जे सापडलं नाही तर माणूस मरतो, त्याचाच थेट शोध घ्यावा लागतो.

तो असा. नमुन्याचं परमँगनेटने ऑक्सिडीकरण करायचं. मेथनॉलचं फॉर्माल्डिहाइड होतं. उरलेला परमँगनेट बायसल्फाइटने घालवायचा. मग संहत सल्फ्युरिक आम्लाच्या सोबतीने क्रोमोट्रोपिक आम्ल घालून तापवलं की फॉर्माल्डिहाइड असल्यास जांभळा रंग येतो. इथेनॉलपासून आलेलं अॅसिटाल्डिहाइड हा जांभळा देत नाही, म्हणून मेथनॉल त्याच्या आड लपत नाही. आज प्रमाण मोजायला गॅस क्रोमॅटोग्राफी वापरतात. यकृतात मेथनॉलचं होतं तेही हेच: आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक आम्ल, जे डोळ्याच्या मज्जातंतूवर घाला घालतं.

आम्ल आणि एस्टर

कार्बॉक्झिलिक आम्लाला बायकार्बोनेटची फसफस पुरते, एवढंच की पिक्रिक आम्लासारखी तीव्र फिनॉलंही ती देतात. एस्टर वासावरून जाणवतात: आयसोअमिल अॅसिटेटला केळ्याचा वास असतो, इथिल अॅसिटेट नेलपॉलिश रिमूव्हरच्या बाटलीत भेटतं. खात्री करायची तर हायड्रॉक्सिलअमाईनशी अभिक्रिया करून मग फेरिक क्लोराइड घालायचं. किरमिजी रंग येतो.

अमाईन आणि रंगांचा धंदा

अॅनिलीनसारखं बेंझीनच्या वलयावरचं प्राथमिक अमाईन बर्फात ठेवलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवून त्यात सोडिअम नायट्राइट घातलं की डायझोनिअम क्षार बनतो. पेटर ग्रीस यांनी डायझो संयुगांचं हे दालन १८५८ मध्ये उघडलं. तापमान शून्य ते पाच अंशांत ठेवायचं; त्यावर गेलं की क्षार मोडून नायट्रोजन उडून जातो. मग हे द्रावण बीटा-नॅफ्थॉलच्या अल्कधर्मी द्रावणात ओतलं की भगवा-लाल रंग भडकून उठतो. कापड रंगवणाऱ्या असंख्य अॅझो रंगांमागे हीच अभिक्रिया आहे.

त्यातलाच मेटॅनिल यलो हळदीत आणि तूरडाळीत भेसळीला वापरला जातो. खाद्यपदार्थांत त्याला परवानगी नाही. तो ओळखायला हळदीच्या द्रावणात संहत हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतात. शुद्ध हळदीतलं कुरक्युमिनही आम्लात लालसर-जांभळं होतंच, म्हणून तेवढ्यावर व्यापाऱ्याला दोषी धरता येत नाही. पुढे पाणी घालायचं: शुद्ध हळदीचा तो रंग पाण्याने जातो, मेटॅनिल यलोचा टिकतो. ही दुसरी पायरी गाळून चाचणी सांगितली, तर चांगल्या हळदीवरही आळ येईल.

प्राथमिक अमाईनसाठी क्लोरोफॉर्म आणि अल्कोहोलमधलं पोटॅशिअम हायड्रॉक्साइड घेऊन करायची कार्बिलअमाईन चाचणीही आहे. तिची खूण म्हणजे आयसोसायनाइडचा असह्य दुर्गंध. हा वायू विषारी आहे आणि क्लोरोफॉर्मही निरुपद्रवी नाही, म्हणून वर्गात ती करू नये असंच माझं मत आहे. अमाईन बेंझीनच्या वलयावर असेल तर अॅझो रंग तेच उत्तर अधिक स्वच्छपणे देतो.

यंत्रांच्या शेजारी

इन्फ्रारेड वर्णपटात १७०० प्रति सेंटिमीटरच्या आसपासचा ठसठशीत खड्डा कार्बोनिल काही मिनिटांत दाखवतो आणि एनएमआर तर हायड्रोजन कुठे बसले आहेत तेही सांगतो. तरी हे अभिकर्मक प्रयोगशाळेतून गेलेले नाहीत. औषधांचं संश्लेषण करणारे रोज पातळ थराच्या प्लेटवर आपली अभिक्रिया तपासतात. तिथले रंगहीन ठिपके दिसावेत म्हणून प्लेट डीएनपीत बुडवतात, किंवा परमँगनेटमध्ये, किंवा निनहायड्रिनमध्ये. शेंदरी ठिपका कार्बोनिलचा, जांभळ्या पार्श्वभूमीवरचा पिवळा डाग परमँगनेटने ऑक्सिडीकरण होणाऱ्याचा, निनहायड्रिनचा जांभळा अमिनो आम्लाचा. निनहायड्रिन कागदावरचे बोटांचे ठसेही उठवतं, कारण घामात अमिनो आम्लं असतात.

नाव लिहिण्याआधी

गट कळला म्हणजे पदार्थ कळला असं नाही. कीटोन शेकडो आहेत. तिथे डीएनपीचा तो साकाच पुन्हा उपयोगी पडतो. तो गाळून, पुन्हा स्फटिक करून, वाळवून त्याचा द्रवणांक पाहायचा: अॅसिटोनपासूनचा साधारण १२६ अंशांना वितळतो, बेंझाल्डिहाइडपासूनचा २३७ च्या आसपास. मूळ द्रवाच्या उत्कलनांकाशी हा आकडा जुळवला की यादीतली बहुतेक नावं गळतात.

द्रवणांकही एकटा पुरत नाही. युरिया आणि सिनॅमिक आम्ल दोन्ही १३३ अंशांच्या जवळपास वितळतात. अशा वेळी आपला पदार्थ आणि खात्रीचा नमुना समप्रमाणात खलात घोटून त्या मिश्रणाचा द्रवणांक घेतात. दोन्ही एकच असतील तर पारा त्याच आकड्यावर येतो आणि केशनळीतली पूड एकदम पाणी होते. युरियात सिनॅमिक आम्ल मिसळलेलं असेल, तर पूड १३३ च्या कितीतरी आधीच ओलसर होऊन, बऱ्याच अंशांच्या टप्प्यात रेंगाळत वितळते.